वेदनाशामक बदलताना रुग्णाला लेखी सूचना हव्यात

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कर्करोगाच्या वेदनांसाठी माझ्या आईला अनेक महिने ट्रामाडॉलच्या गोळ्या सुरू होत्या. गेल्या महिन्यात त्या एका दिवसात बंद करून फेंटॅनिल या वेदनाशामकाची, त्वचेवर चिकटवायची पट्टी लावण्यात आली. त्या रात्री तिला दरदरून घाम फुटला, नाक वाहू लागले, जांभया थांबेनात, पाय एका जागी ठरेनात, आणि पहाटे तिने विचारले, "मला गोळ्यांचं व्यसन लागलं का रे?"

हे व्यसन नव्हे. दीर्घकाळ घेतलेल्या औषधाची शरीराला झालेली सवय अचानक मोडली, की असा त्रास होतो. पट्टीचा परिणाम जाणवायला साधारण १२ ते २४ तास लागतात. शिवाय ट्रामाडॉल सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या मेंदूतील रसायनांवरही काम करते, आणि ती उणीव फेंटॅनिल भरून काढत नाही. उलट, घाबरून घरच्यांनीच जुन्या गोळ्या पुन्हा दिल्या, तर गुंगी वाढून श्वास मंदावण्याचा धोका असतो. आमच्याही हातात ती गोळी होती.

ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे, हे योग्यच. परंतु त्यामुळे रुग्णाने संकोचाने गप्प बसावे, असे होऊ नये. पुण्यातील डॉक्टरांना कळकळीची विनंती, की औषध बदलताना जुने कसे कमी करायचे, नवे केव्हा लागू पडेल आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हे मराठीत लिहून द्यावे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे