खिडकीवरच्या छाटीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला किमान वेतनावरचा लेख वाचला. मजुरी सरकारने ठरवू नये, बाजारात ठरू द्यावी, नाहीतर सोलापुरात उरलेले विडी कारखाने आणि यंत्रमागही शेजारच्या राज्यात जातील, असं लेखकांचं म्हणणं. लेखासोबत तुम्ही मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या एका बाईचा फोटो छापला. त्या बाईच्या हातात मजुरी कशी पडते, यावर मात्र अख्ख्या लेखात एक ओळ नाही. मला ते माहीत आहे, कारण माझी अम्मा आयुष्यभर तेच करत आली आणि आता माझी वदिना, म्हणजे भावजय, करते. लेख वाचून संताप आला, म्हणून लिहिते आहे.

विडीची मजुरी दिवसावर नसते, हजारावर असते. हजार विड्यांचा दर जाहीर होतो, पेपरात येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की तेवढे पैसे बाईला मिळतात. मिळत नाहीत. कारखान्यातून हजाराच्या हिशोबाने पान, तंबाखू आणि दोरा देतात. पान घरी आणून भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, वर पत्र्याचा साचा धरून कात्रीने कापायचं, मग वळायला बसायचं. पान चांगलं असलं तर हजार भरतात. डाग पडलेलं, भोकं असलेलं, वाळून तुकडे झालेलं पान आलं की नऊशे निघतानाही मारामार. कारखान्यात मात्र पुऱ्या हजारच घालायच्या. मग कमी पडलेलं पान बाई पदरचे पैसे घालून बाहेरून आणते. मालकाच्या धंद्याचा कच्चा माल मजुराने विकत घ्यायचा, हे कुठल्या व्यापारात बसतं ते लेखकांनी सांगावं.

त्यानंतर छाट. मी कॉलेजात असताना सुट्टीत एकदा अम्माबरोबर माल घालायला गेले होते. खिडकीपुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात विड्यांची पाटी. चेकर एकेक कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, उचलायचा, अंगठ्याने दाबायचा, नाकाजवळ न्यायचा आणि त्यातल्या दहा-बारा विड्या बाजूला टाकायचा. अम्माची पाटी आली तेव्हा त्याने मूठभर विड्या काढल्या आणि "पान जाड लावलंय" म्हणाला. मी म्हटलं, "पान तुमच्याच कारखान्यातलं आहे ना?" त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अम्माला म्हणाला, "जमत नसलं तर उद्यापासून दुसरीकडं बघा." अम्माने माझी ओढणी मागून ओढली. घरी येईपर्यंत तेलुगूत मला बोलत होती, तुला तोंड घालायला कुणी सांगितलं म्हणून. पुढच्या खेपेला तिला सगळ्यात वाईट पान मिळालं.

त्या छाटलेल्या विड्या तिला परत दिल्या नाहीत. त्यांची मजुरीही दिली नाही. मोडून फेकल्या असत्या तरी एक वेळ समजलं असतं, पण त्या मागच्या पेटीत गेल्या, चांगल्या विड्यांसारख्याच नीट ठेवल्या गेल्या. पान तिने विकत आणलेलं, कष्ट तिचे, विड्या कारखान्याच्या आणि पैसे शून्य. ती मूठ मला आजही विसरता येत नाही, आणि कुणी किमान वेतन रद्द करा म्हणालं की पहिली तीच आठवते.

कायदा नव्हता असंही नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत विडीकाम पहिल्यापासून होतं. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला. घरात बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्या कायद्याने कामगार ठरली. पान कमी दिलं, विड्या नाकारल्या, नाकारलेल्या विड्यांची मजुरी दिली नाही, असे वाद सोडवायची तरतूद कलम 39 मध्ये स्पष्ट होती. मालक या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले, 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. दिल्लीत एवढं सगळं झालं, आणि आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात शेवटी चालला तो चेकरचा अंगठा. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे जाऊन नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्या अंमलबजावणीत पहिली गोष्ट ही हवी की हजार विड्यांना किती वजनाचं, कसलं पान द्यायचं आणि छाट जास्तीत जास्त किती काढायची, हे खिडकीवर मराठीत आणि तेलुगूत पाटीवर लिहिलेलं असावं. आणि छाटलेली विडी कारखान्याने ठेवून घेतली तर तिची मजुरी दिलीच पाहिजे.

दर वाढवावा का, या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे. वाढवलाच पाहिजे. किमान वेतन कशावर काढायचं हे 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत ठरलं होतं. कमावत्या माणसाच्या कुटुंबाला त्याच्यासकट तीन प्रौढ माणसांएवढं खाणं, माणशी 2700 उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडं, जळण आणि दिवाबत्ती. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरा, असं 1991 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं. आणि 2017 साली केंद्राने देशभरासाठी मजुरीचा पाया, म्हणजे ज्याखाली मजुरी जाऊ नये तो दर, ठरवला तो दिवसाला 176 रुपये, तोही तेव्हा राज्यांवर बंधनकारक नव्हता. सरकारनेच नेमलेल्या समितीने 2019 साली 375 रुपये सुचवले होते. लेखकांना हे आकडे ठाऊक असणार. मग ते लेखात का नाहीत?

कारखाने दुसऱ्या राज्यात जातील ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पान आणि तंबाखू ट्रकमध्ये घालून कुठेही नेता येतात आणि गरीब बायका सगळ्याच राज्यांत आहेत. पण मग उपाय काय? आपणही मजुरी खाली आणायची, त्यांनी आणखी खाली आणायची, आणि सगळ्यात भुकेली बाई जिथे सापडेल तिथे धंदा न्यायचा? नव्या वेतन संहितेप्रमाणे केंद्राने ठरवलेल्या पायाखाली कुठल्याही राज्याला जाता येत नाही. तो पाया पोट भरेल एवढा ठेवा. मग मालक जाऊन जाऊन जाणार कुठे?

बाजारात मजुरी ठरायची तर बाईला दुसरं दार हवं. ते नाही. तिचं कार्ड एका कारखान्यात, पीएफ तिथेच, इतक्या वर्षांची ग्रॅच्युइटी तिथेच अडकलेली. घरात सासू अंथरुणावर, मुलं लहान, म्हणून तर ती घरी बसून वळते. "दुसरीकडं बघा" हे चेकर इतक्या सहज बोलू शकला ते यामुळेच. यंत्रमागावर माझे दोन्ही मामा टॉवेल विणत आले, बारा-बारा तासांच्या पाळ्या, तिथेही दर कामावरच. माग बंद राहिला, सूत आलं नाही, वीज गेली, की तेवढे तास मजुराचेच बुडाले. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

आमच्या मावशीला कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घर मिळालं. 2006 साली पंतप्रधान मनमोहनसिंग स्वतः आले होते चाव्या द्यायला. दहा हजार विडी कामगार बायकांची ती घरं कामगार नेते आडम मास्तर आणि त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवली, त्यात बायकांनी स्वतःचे पैसेही घातले. बाजाराच्या भरवशावर राहिली असती तर मावशी आजही पत्र्याच्या खोलीत असती. विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी विडीवर जो उपकर होता, ज्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालायच्या, तो 2017 साली जीएसटी आल्यावर बंद झाला. माझी अकरावी-बारावी त्याच शिष्यवृत्तीवर झाली. एकेक आधार असा काढून घ्यायचा आणि आता किमान वेतनही नको म्हणायचं, हे आम्ही ऐकून घ्यायचं का?

आणखी एक, संपादकसाहेब. आमच्या भागात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि तेही कधी पहाटे तर कधी भरदुपारी. पाणी आलं की वदिनाला सूप बाजूला ठेवून नळावर जावं लागतं, पिंपं भरेपर्यंत हात मोकळा होत नाही. त्या दिवशी हजार पुरे होत नाहीत आणि चेकर दुसऱ्या दिवशीच्या मालात मागचा तुटवडा भरून घेत नाही. पाणी नेमकं किती वाजता सोडणार याचं पेठवार वेळापत्रक महापालिकेकडून घेऊन तुम्ही रोज पहिल्या पानावर छापा. उजनी धरण भरल्याचे फोटो छापता, त्याच्या शेजारी एवढी जागा निघेल.

पत्र छापलंत तर खाली माझं नाव टाकू नये ही विनंती. वदिनाचं कार्ड अजून त्याच कारखान्यात आहे.

आपली,
एक वाचक
भवानी पेठ, सोलापूर