काका, तुमच्या तीन ओळींना माझ्या दोन

आदरणीय काका,
सादर प्रणाम.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. निघताना रक्तपेढीच्या दारात तुम्हीच म्हणाला होतात, "नाव कशाला लक्षात ठेवतेस पोरी, भाऊ बरा झाला म्हणजे झालं." पत्र वाचाल तेव्हा ते तुमचंच आहे हे तुम्हाला कळेल.

सात वर्षं झाली. धाकट्या भावाची केमो चालू होती. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये त्या दीड ते साडेचार लाख असतात, त्याच्या दहा हजारांच्याही खाली गेल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येत होतं. एकाच दात्याच्या, यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट्स लागतील असं डॉक्टरांनी सांगितलं. साध्या रक्तदानातून तेवढ्या जमवायच्या तर पाच-सहा जणांचं रक्त लागतं. बरं, आज आणून ठेवल्या आणि पुढच्या आठवड्यात वापरल्या असंही होत नाही. वीस ते चोवीस अंशांवर सतत हलवत ठेवल्या तरी साधारण पाच दिवसच टिकतात. मी दोन दिवस फोन करत होते. लोक वाईट नव्हते हो. कुणाला ताप होता, कुणी गोळ्या घेत होतं, कुणाची शीर बारीक निघाली. आणि मग तुम्ही आलात, हातात छत्री घेऊन. आमच्या ओळखीतल्या ओळखीतलेही नव्हतात.

तुमच्या शेजारच्या स्टुलावर मी जवळजवळ दीड तास बसले होते. रक्त नळीतून यंत्रात जायचं, तिथे गरगर फिरून प्लेटलेट्स वेगळ्या व्हायच्या आणि उरलेलं रक्त त्याच हातात परत यायचं. जाताना मऊ चेंडू दाबायचा, येताना मूठ सैल सोडायची. मी सारखी "दुखतंय का, थंडी वाजतेय का" विचारत होते. तुमचा दुसरा हात मात्र वेगळ्याच कामात होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. मला वाटलं जप चाललाय. तुम्ही म्हणालात, "जप नाही गं, अक्षरं मोजतोय. पाच, सात, पाच." आणि ऐकवलंत:

मुठीत चेंडू
खिडकीत चिमणी
थबकलेली

त्या दोन दिवसांत मी पहिल्यांदा खिडकीकडे पाहिलं. चिमणी खरंच होती.

हायकू म्हणजे तीन ओळींची जपानी धाटणीची कविता. हा शब्द मी शाळेत ऐकला होता तेवढाच. मराठीत तो कवयित्री शिरीष पै यांनी रुजवला हे तुमच्याकडून कळलं. जोडाक्षर एकच मोजायचं, हेही. पण हिशेबापेक्षा तुम्ही दुसरीच गोष्ट जास्त सांगत होतात. हायकूत 'मी' शक्यतो नको. 'मला आनंद झाला' असं लिहायचं नाही. ज्यामुळे झाला ते समोर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मग तुम्ही र्‍योकानची गोष्ट सांगितलीत, भिक्षेवर जगणाऱ्या त्या जपानी साधूची (१७५८ ते १८३१). त्याच्या झोपडीत चोर शिरला. होतं नव्हतं ते घेऊन गेला. र्‍योकानने हायकू लिहिला तो मागे राहिलेल्या चंद्रावर, खिडकीत दिसणाऱ्या. तक्रार नाही, उपदेशही नाही. हे सांगताना तुमचा चेहरा असा उजळला होता की हातात सुई आहे याचा मलाच विसर पडला.

मध्येच तुमचे ओठ बधिर झाले. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे द्रावण घालतात ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याने मुंग्या येतात. मी घाबरले. सिस्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली, ती तुम्ही चघळलीत आणि बाहेर पाऊस सुरू झालाय म्हणून कागद मागितलात. मी पर्समधली एक जुनी पावती दिली. तिच्या पाठीवर तुम्ही लिहिलंत:

पाऊस सुरू
पिशवीभर ऊन
कुणी दिलेले

वर टांगलेली पिशवी गव्हाळ-पिवळी दिसत होती, अगदी कोवळ्या उन्हासारखी. पण माझी नजर 'कुणी'वर अडकली. देणारे तुम्ही, समोर झोपलेले तुम्ही, आणि ओळीत 'कुणी'! मदत करणारी माणसं मी तेव्हा बरीच पाहिली. काहींची मदत घेताना मान खाली जायची, ते ओझं मी अजून विसरलेले नाही. तुमच्यासमोर मान खाली गेली नाही, काका. मनापासून आभार मानायचे ते या गोष्टीसाठी. प्लेटलेट्सचे तर आहेतच.

भाऊ बरा आहे. वर्षभर उपचार चालले, मधे वाईट दिवसही आले, पण आता तो कामाला जातो आणि जिने चढताना माझ्या पुढे असतो.

मीही प्लेटलेट्स देते. पहिल्या वेळी भीती होती, खोटं कशाला सांगू. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा तुमची आठवण झाली आणि अंगठा आपोआप पेरांवर गेला:

ओठांना मुंग्या
अनोळखी कुणाला
लागेल झोप

माझ्या प्लेटलेट्स कुणाला मिळाल्या ते मला ठाऊक नाही. त्या रात्री मात्र मला लहानपणासारखी गाढ झोप लागली. तुम्ही त्या दिवशी इतके खुशीत का होतात, हे तोवर कळलं नव्हतं. मला वाटायचं, मला धीर यावा म्हणून हसताय.

पुढे वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, तुम्हाला बहुधा माहीत असेल. हायकू हे नाव मासाओका शिकी या जपानी कवीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केलं. मुळात या तीन ओळी म्हणजे साखळीकवितेची, म्हणजे अनेकांनी मिळून पुढे नेलेल्या कवितेची, सुरुवात असायची. रीत अशी की आलेल्या पाहुण्याने पाच-सात-पाच म्हणायचं आणि यजमानाने सात-सात अक्षरांच्या दोन ओळींनी उत्तर द्यायचं. म्हणजे पाहुण्याचं देणं एकटं राहत नसे.

त्या दिवशी पाहुणे तुम्ही होतात, आणि आमच्याकडून उत्तर राहून गेलं. ती पावती अजून माझ्याकडे आहे, शाई थोडी फिकी झालीय. तुमच्या तीन ओळींखाली काल मी हे लिहिलं:

दाराशी छत्री ओली
आत भाऊ हसतो

तुमची,
स्टुलावर बसलेली पोरगी