झोप मोडून वजन उतरवायचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीतलं वजन कमी करण्यावरचं पान अथपासून इतिपर्यंत वाचलं, काय खावं, किती चालावं, जेवण किती वाजता, सगळं होतं, झोपेवर मात्र एक ओळ नाही. उलट पहाटे साडेचारला उठून वर्कआउट करा म्हणे! अहो, रात्री बाराला आडवा होणारा माणूस साडेचारला उठला तर झोपला किती?

जो सुटलाय तो झोपा काढून सुटलाय हे लोकांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कमी झोपणं म्हणजे मेहनतीपणा वाटतो. 2004 साली शिकागो विद्यापीठात 12 धडधाकट तरुणांना दोन रात्री जेमतेम चार तास झोपू दिलं, दहा तास मिळाले होते त्याच्या तुलनेत भूक चाळवणारं घ्रेलिन 28 टक्के वाढलं नि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन 18 टक्के घटलं, शिवाय ओढ कशाची तर गोडाची आणि खारटाची. अभ्यास छोटा आहे, हॉर्मोनचे आकडे पुढे सगळीकडे असेच आले असंही नाही, पण झोप तोडली की माणूस जास्त खातो हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

डाएटवाल्यांनी तर 2010 चा प्रयोग बघावाच. त्याच माणसांना तेच कमी कॅलरीचं खाणं दोन-दोन आठवडे, एकदा साडेआठ तास झोपायला देऊन, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा साधारण तीन किलो उतरलं, म्हणजे काटा खूश, पण कमी झोपेत चरबी 55 टक्के कमी जळली, बाकी गेलं ते चरबी सोडून शरीरातलं इतर वजन, त्यात स्नायूही आले.

आणि 2022 मध्ये साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या जाड माणसांना फक्त झोप वाढवायचा सल्ला दिला, खाण्याबद्दल चकार शब्द नाही, तर तासभर जास्त झोपून ते असा सल्ला न मिळालेल्या तशाच लोकांपेक्षा दिवसाला सुमारे 270 कॅलरी कमी खायला लागले.

नाइट शिफ्टवाल्यांना लवकर झोपा सांगणं सोपं आहे, त्यांच्या हातात काय असतं? त्यांच्यासाठी वेगळं लिहायला हवं. आणि जोरजोरात घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा, दिवसभर पेंगणारा माणूस घरात असेल तर त्याची चेष्टा न करता स्लीप अॅप्नियाची तपासणी करून घ्यावी, वजनाने तो त्रास वाढतो नि मोडलेल्या झोपेने वजन उतरवणं आणखी अवघड होतं. पुढच्या पुरवणीत एखाद्या झोपेच्या डॉक्टरला लिहायला सांगा, आणि ते साडेचारचं तेवढं मागे घ्या.

आपला एक वाचक