आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र: मॉर्फिन कुठे अडले?

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार. ऑपरेशननंतर आईला मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे जोरदार वेदनाशामक, मिळाले नाही. या माझ्या तक्रारीला काल सरकारी उत्तर आले: "वेदनाशामक औषधांचा साठा पुरेसा असून तक्रार निकाली काढण्यात येत आहे." अभिनंदन! तक्रार निकाली निघाली, आईचे दुखणे तेवढे शिल्लक आहे.

आईचे खुब्याचे हाड मोडले म्हणून सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झाले. कमरेतून दिलेली भूल उत्तम लागली, त्याबद्दल तक्रार नाही. भूल उतरली आणि ती किंचाळू लागली. सिस्टर पॅरासिटामॉलची बाटली लावून गेल्या. मॉर्फिनचे विचारले तर "ते आपल्याकडे ठेवत नाहीत." रात्रभर तिचे हात धरून बसले. पहाटे तिला मी कोण तेही कळेना. एरवी आटोक्यात असलेली शुगर 340 वर गेली, आणि डॉक्टर मलाच विचारतात, डब्यात गोड काय दिलेत? दुखणे तिचे, गुन्हेगार मी!

पुढे एका भूलतज्ज्ञांनी समजावले, ते आपल्यालाही सांगते. आपल्या खात्यात कुणाला सवड झाली नसेल. ऑपरेशन आणि सुरीहल्ला, शरीराला दोन्ही सारखेच. कापल्याची वर्दी नसांतून मेंदूला पोचते आणि कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरके रक्तात उसळतात. साखर चढते, इन्सुलिनचा जोर ओसरतो, हृदयावर ताण येतो, स्नायू झिजतात. माणूस बेशुद्ध असला तरी हे थांबत नाही. मणक्यातली भूल ती वर्दीच अडवते. फेंटॅनिलसारखे, मॉर्फिनच्याच जातीचे औषध मोठ्या मात्रेत दिले तर हृदयाच्या ऑपरेशनमध्येही उसळी दबते. पण भूल उतरली की वर्दी पुन्हा सुरू, आणि तेव्हा वॉर्डात काय, तर पॅरासिटामॉल.

हे काही कालचे संशोधन नाही. इंदूरला शिकलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये ऑक्सफर्डमधल्या अभ्यासातून दाखवले की, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटॅनिल दिले तर ही उसळी कमी होते, गुंतागुंतही कमी होते. त्याआधी अशा बाळांना बऱ्याचदा पुरेशा वेदनाशामकाविना कापत. आमच्याकडे म्हाताऱ्यांचा नंबर अजून यायचा आहे.

इंदूरवरून आठवले. त्याच मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे. माल परदेशीही जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये हिशेब मांडला: भारताला मॉर्फिनसारखी औषधे गरजेच्या 4 टक्के मिळतात. चार! 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने डॉक्टरांना इतके घाबरवले की मॉर्फिन ठेवण्यापेक्षा रुग्णाला ओरडू देणे सोयीचे झाले. 2014 मध्ये संसदेने कायदा सैल केला, परवान्यांचे जंजाळ कमी केले. दहा वर्षे उलटली, वॉर्डापर्यंत काय पोचले? गल्लीत नशेच्या गोळ्या सहज मिळतात, कायद्याचा धाक तेवढा हाड मोडलेल्या बाईला. फीत कापायला नवी इमारत, फलकावर आपला फोटो. कपाटात औषध आहे की नाही हे बघायला कुणी येत नाही, कारण तिथे कॅमेरे नसतात.

मागणी एवढीच: ऑपरेशन होणाऱ्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात मॉर्फिन ठेवा, ते देण्याचे आणि दिल्यावर श्वासावर लक्ष ठेवण्याचे शिक्षण सिस्टरांना द्या, आणि रोजचा साठा दारावर लिहा.

आईची जखम चिघळली आहे. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उघडणार आहेत, त्याच रुग्णालयात. तेव्हा औषध मी बाहेरून आणायचे की आपण पाठवणार, तेवढे कळवावे.

आपली,
एक मुलगी