आमच्या टेलर मावशींना जाहीर थँक्यू

मावशी,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बास गं, पुढचं गिऱ्हाईक उभंय" म्हणून हाकलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतीलच.

बाकीच्यांसाठी सांगते, मावशींचं सदाशिव पेठेत ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे आणि सायकलशी त्यांचा काडीचा संबंध नाही. मी रविवारी खडकवासला, कधी बोपदेव घाट अशी सायकल मारणारी, चाळिशी पार, कंबर त्या मानाने बारीक पण हिप्स आणि छाती भरलेली, म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या बायका असतात तशीच. पण सायकलच्या कपड्यांच्या दुकानात गेलं की असं वाटतं असली बाई यांनी जन्मात पाहिली नसावी. रॅकभर जेंट्स आणि कोपऱ्यात लेडीज म्हणून दोन गुलाबी जर्सी, त्याही एस नि एम. मग जेंट्सची एक्सेल घ्यायची, ती हिप्सला बसते पण खांदे उतरतात, गळा लोंबतो, आणि पाठीमागचे तीन खिसे एवढे खाली येतात की त्यात फोन नि केळी टाकली की पेडल मारताना सगळं ढुंगणावर आपटत राहतं. शॉर्ट्सची तऱ्हा वेगळीच, पायाच्या कडेचा तो रबरी ग्रिपर मांडीत रुतून लाल वळ उठवतो आणि कंबर एवढी ढगळ की हँडलवर वाकलं की मागून थेट वारा.

आणि पॅड, म्हणजे सायकलच्या शॉर्ट्सला आसनाशी आतून शिवलेली गादी! बायकांची बसायची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे आपल्याला मागे रुंद आणि पुढे आखूड पॅड लागतं, जेंट्सचं बरोब्बर उलटं, म्हणजे हाडं पॅडच्या कडेवर आणि जिथे काहीच नकोय तिथे हा मोठा गठ्ठा. दोन तास बसून बघा मग कळेल.

तर हे सगळं गाठोडं आणि ऑनलाइन मागवलेलं सुटं लेडीज पॅड घेऊन मी तुमच्याकडे आले. त्याआधी एका टेलरने साधी शिलाई मारून दिली होती, लायक्रा ताणलं जातं पण दोरा ताणला जात नाही, भर चढावर टर्रकन उसवली. तुम्ही ती शिलाई बघून नुसतं "हं" केलंत. टेप काढलीत आणि मी सवयीने ताठ उभी राहिले तर म्हणालात, "अशी उभी राहून चालवतेस का? सायकल आण." मग गल्लीत तुमच्या नातवाने सायकल धरली, मी वर बसून हँडलवर वाकले आणि तुम्ही माप घेतलंत, येणारेजाणारे बघतायत, तुम्हाला काही फरक नाही. आजवर एकाही दुकानदाराला हे सुचलं नव्हतं! वाकल्यावर पाठ लांब होते, पोट दुमडतं, मुंढा ओढला जातो, उभ्या मापात यातलं काय कळणार.

या शॉर्ट्सच्या आतून अंडरवेअर घालत नाहीत हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग आसनात जाड शिवण नको, घासेल." विषय संपला.

पुढचं तुमचं कसब. जर्सीला मुंढ्यापासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी लायक्राची कळी घातलीत, खांदे आत घेतलेत, खिसे उसवून वर लावलेत. शॉर्ट्सचा ग्रिपर काढून चार बोटं रुंद पट्टी, कंबरेला मागून उंच नि पुढून खाली असा बेल्ट, पॅड बदललंत, सगळं झिगझॅगने, गोल टोकाची सुई वापरून, म्हणजे कापडाचे धागे तुटत नाहीत. आणि या सगळ्यात एकदाही "जरा बारीक हो" म्हणाला नाहीत. दुकानात तर एक मुलगा मला थेट म्हणाला होता की मॅडम, दोन महिने चालवा, मग एल बसेल. (त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.)

परवा सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन आले, एकदाही कपडा ओढावा लागला नाही.

आता पुढचं काम. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट्स आणतेय, कंबरेला काही टोचत नाही पण बाथरूमला जायचं तर आधी जर्सी उतरवा मग पट्टे उतरवा, पंपावरच्या त्या संडासात शक्य आहे का हे. पट्टा मागून सुटेल असा हुक की चेन, ते तुम्हीच ठरवा. दिवाळीच्या ब्लाउजचा ढीग उपसल्यावर चालेल. आणि आमच्या ग्रुपमधल्या दोघी येतायत, एक माझ्याहून जाड आणि एक अगदीच काडी, तिलाही काही बसत नाही. त्यांच्याकडून मात्र ब्लाउजचा रेट लावू नका, नीट पैसे घ्या.

तुमची,
सायकलवाली