आखाजीची घागर

जळगाव

प्रिय सखे,

परवा फोनवर तू विचारलंस, "कोविड वॉर्डातलं तू कधीच का बोलत नाहीस?" मी विषय बदलला. आज लिहिते.

2021ची आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, 14 मेला होती, त्याच दिवशी ईदही. आदल्या रात्री माझी नाइट होती. आपल्याकडचा मे तुला ठाऊकच आहे, रात्रीही भिंती तापलेल्या. अंगात पीपीई किट, गॉगलवर वाफ, आणि घाम मनगटावरून उतरून ग्लोव्हजच्या बोटांत साचायचा. शीर शोधताना आपली बोटंच डोळे असतात ना? ती दोन-दोन ग्लोव्हजमध्ये कोंडलेली.

आठ नंबरला खेड्यातली एक आजी होती. आमच्यातल्या कुणाचाच चेहरा दिसायचा नाही, म्हणून मी तिच्याशी अहिराणीत बोलायचे. त्या आवाजावर ती मला ओळखायची. मध्यरात्री म्हणाली, "माय, घोटभर पानी दे व." नेमका तेव्हाच सिलिंडर संपत आलेला. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण 7,000 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 15 लिटर लागणारा एक पेशंट तो पावणेआठ तासांत संपवतो. आमच्याकडे एकावर चौघं, म्हणजे दोन तासही नाहीत. "थांब माय, आलेच," म्हणून मी पळाले.

यायला वीस मिनिटं लागली. मास्क जरा उचलून चमच्याने पाणी पाजलं. पहिल्या चमच्याला ऑक्सिजनची पातळी 90, दुसऱ्याला 86, तिसऱ्याला 81. मी मास्क परत लावला. तिने ओठांनी आणखी मागितलं. मी दिलं नाही. तेव्हा तेच करायला हवं होतं, हे मला कळतं गं. पण पहाटे ती गेली, आणि ती वीस मिनिटं माझ्याकडे राहिली.

त्या रात्री माझ्याबरोबर सिलिंडर ओढणारी पोरगी कंत्राटावर होती. लाट ओसरली तशी तिला घरी पाठवलं. तो राग अजून गेलेला नाही.

यंदा आखाजीला माहेरी गेले. आईने पितरांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. मी तांब्याभर पाणी वेगळं भरून बाजूला ठेवलं. आई म्हणाली, "हे कोणाच्या नावाचं?" आजीचं नाव केसपेपरवरचं मला पाठ आहे, ते सांगितलं. आईने पुढे काही विचारलं नाही. एक सांजोरी उचलून त्या तांब्याशी ठेवली.

उन्हात जास्त फिरू नकोस. पत्र मिळालं की फोन कर.

तुझीच