ग्रीक भाल्याच्या मागच्या टोकाविषयी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मॅरेथॉनच्या लढाईवर (इ.स.पू. ४९०) आलेला लेख अभ्यासपूर्ण आहे, मात्र सोबतच्या चित्रात अथेन्सच्या सैनिकाने भाला बरोबर मध्यावर धरलेला आहे आणि त्याचे मागचे टोक काठीसारखे बोथट दाखवले आहे. त्या भाल्याची खरी करामत मागच्या टोकातच असल्याने ही चूक किरकोळ म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

ग्रीक पायदळाचा हा भाला साधारण २ ते २.५ मीटर लांब आणि १ ते २ किलो वजनाचा असे. दांडा बहुधा ॲशच्या चिवट लाकडाचा, पुढे पानाच्या आकाराचे लोखंडी पाते आणि बुडाशी ‘साउरोटेर’ नावाची ब्राँझची अणकुचीदार टोपी, जी बहुतेक वेळा पात्याहून जड असे. शिवाय दांडा पुष्कळदा पात्याकडे निमुळता केलेला असे, त्यामुळे तोल मध्याच्या बराच मागे येई आणि सैनिक तिथेच पकड घेई. डावा हात मोठ्या गोल ढालीत अडकलेला असल्याने भाला एकट्या उजव्या हाताने पेलावा लागे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. २.४ मीटरचा भाला मध्यावर धरला, तर हातापुढे १.२ मीटर उरतो. तोच मागच्या एक तृतीयांशावर तोलला, तर १.६ मीटर. बुडाला वजन नसताना इतक्या मागे धरला, तर पाते खाली झुकते आणि मनगट लवकर थकते. थर्मोपिलीच्या लढाईत इराण्यांचे भाले ग्रीकांपेक्षा आखूड होते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने मुद्दाम नोंदवले आहे. अशा झुंजीत वीतभर पल्लाही मोलाचा ठरतो.

साउरोटेरमुळे भाला जमिनीत रोवून ठेवता येई, आणि ब्राँझ लोखंडासारखे गंजत नसल्याने ओल्या मातीचीही फिकीर नसे. पाते तुटले तर भाला उलटा फिरवून लढता येई. इ.स.पू. २०७ मध्ये मँटिनीआच्या लढाईत ग्रीक सेनापती फिलोपोमेनने स्पार्टाचा सत्ताधीश मखानिदास याला पाडल्यावर मागच्या टोकानेच अखेरचा वार केला, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो. मॅसिडोनियाच्या सैन्याच्या सारिसा या लांबलचक भाल्याची गोष्ट वेगळी: ती दोन्ही हातांनी धरावी लागे, आणि पॉलिबियसच्याच हिशोबाने तिच्या १४ हात लांबीपैकी ४ हात पकडीसाठी व मागच्या तोलासाठी जात.

ग्रीक कुंभांवरील चित्रांत साउरोटेर अनेक ठिकाणी स्पष्ट दिसतो. मालिकेच्या पुढील भागासाठी आपल्या चित्रकारांनी तीच चित्रे समोर ठेवावीत, अशी विनंती आहे.

– एक नियमित वाचक, ठाणे